डिस्क निवांत, सीपीयू घामाघूम: रोज ९:१५ ला अडणारा सर्व्हर

लक्षणं आधी सांगतो. जुळली तर पुढे वाचा, नाहीतर तुमचं दुखणं वेगळं आहे.

६४ कोअरचं, दोन सॉकेटचं, म्हणजे दोन प्रोसेसर चिपांचं मशीन. त्यावर लिनक्स. मागणी आली की पीडीएफ पावती बनवून देणारी, सी प्लस प्लसमध्ये लिहिलेली एक सेवा: एकच प्रोसेस (चालू प्रोग्राम), त्यात ६४ थ्रेड (एकाच वेळी काम करणारे गडी). एरवी अगदी गुणी. पण शेअर बाजार सकाळी ९:१५ ला उघडतो, मागण्यांचा लोंढा येतो आणि सेवा चिखलात रुतल्यासारखी होते. 'टॉप' उघडून बघावं तर सीपीयू फुल, पण त्यातला बहुतेक वेळ 'सिस्टिम'च्या खात्यावर, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) कामावर. आपला प्रोग्राम जे खरं काम करतो, तो 'युजर'चा आकडा मात्र एरवीपेक्षा खाली. आयओवेट, म्हणजे डिस्कची वाट बघण्यात गेलेला वेळ, जवळपास शून्य. डिस्क निवांत, नेटवर्क निवांत, रॅम अर्धी रिकामी. दहाच्या सुमाराला लोंढा ओसरला की दुखणं आपोआप जातं, आणि मग आपण लॉग चाळत बसतो, ज्यात काहीच सापडत नाही. दुपारी ३:३० ला बाजार बंद झाला की परत तेच, जरा वेगळ्या चालीने. त्या वेगळ्या चालीकडे मी फार उशिरा लक्ष दिलं.

हे सगळं प्रत्यक्ष घडताना बघायचं तर ९:१५ च्या आत जागेवर असायला हवं. मी डोंबिवलीहून घाटकोपर, तिथून मेट्रोने चकाला आणि पुढे चालत एमआयडीसी असा येतो. म्हणजे महिनाभर एक लोकल अलीकडची धरली. त्या महिन्यात आम्ही काय काय चुकीचं केलं तेही सांगतो, कारण बहुतेक जण त्याच वाटेने जातात.

पहिलं, डिस्क बदलली. नवी एनव्हीएमई डिस्क आली, ९:१५ ला फरक शून्य. आमच्या टीममध्ये नुकतीच आलेली मुलगी मला म्हणाली, "सर, आयओवेट शून्य होता, मग डिस्क का बदलली?" मी म्हटलं, "अगं, डिस्क बदलली की वरच्यांना काहीतरी केल्यासारखं वाटतं." दुसरं, थ्रेड ६४ चे १२८ केले. काम आणखी मंदावलं. हा दुसरा प्रयोग फुकट गेला नाही, कारण खरा धागा त्यातच होता. घाटकोपरला सकाळी मेट्रोच्या जिन्यावर झुंबड असते, तेव्हा मागून आणखी दोन लोकल आल्या म्हणून कुणी लवकर वर चढत नाही. थ्रेड वाढवून काम घटत असेल तर डिस्क, नेटवर्क वगैरे संशयित सोडून द्या. कुठेतरी एकच जिना आहे आणि सगळे तिथे अडले आहेत.

जिना कुठला, ते आधी शोधा

दुखणं चालू असताना 'पर्फ टॉप' चालवा. 'पर्फ' म्हणजे सीपीयूचा वेळ कुठल्या फंक्शनमध्ये जातो ते दाखवणारं लिनक्सचं हत्यार. आमच्याकडे सगळ्यात वर जे नाव यायचं ते 'नेटिव्ह क्यूड स्पिन लॉक स्लोपाथ'. हे नाव दिसलं की पुष्कळ जण थांबतात आणि "कर्नलमध्ये लॉकचा प्रॉब्लेम आहे" असं लिहून मोकळे होतात. हे म्हणजे डॉक्टरने "ताप आहे" एवढंच लिहून देण्यासारखं. या नावाचा अर्थ इतकाच, की सीपीयू एखाद्या स्पिनलॉकसाठी रांगेत उभे आहेत. लॉक म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारी कडी, आणि स्पिनलॉकसाठी थांबणारा सीपीयू झोपत नाही, जागच्या जागी गरगरत राहतो. कुठल्या लॉकसाठी ते यातून कळत नाही. कर्नलमधल्या शेकडो लॉकांच्या रांगा याच एका नावाखाली जमा होतात.

म्हणून 'पर्फ रेकॉर्ड' कॉल ग्राफसकट घ्या, म्हणजे 'मायनस ए' आणि 'मायनस जी' देऊन, दहा सेकंद पुरतात. मग रिपोर्टमध्ये त्या स्लोपाथच्या वर कोण आहे, म्हणजे त्याला कुणी हाक मारली, ते बघा. हाकांची ही साखळी म्हणजे स्टॅक. कर्नल ५.१९ किंवा त्यानंतरचा असेल तर 'पर्फ लॉक कंटेन्शन' वापरा. कुठल्या जागेवरून किती वेळा आणि किती वेळ थांबावं लागलं, याचा तक्ताच मिळतो. 'एसट्रेस' मात्र चालू सेवेवर लावू नका. प्रत्येक सिस्टिम कॉलवर, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे मागितलेल्या प्रत्येक कामावर, तो थ्रेड थांबवतो. आम्ही एकदा लावला आणि त्या दिवशी ९:१५ चं दुखणं ११ पर्यंत पुरलं.

फाइल हाताळणीत मला आजवर पाच ठिकाणं सापडली. वरून सगळी सारखी दिसतात, औषध मात्र प्रत्येकाचं निराळं.

पहिलं ठिकाण: फाइल नंबरांचा तक्ता

स्टॅकमध्ये स्लोपाथच्या वर 'अलॉक एफडी' आणि फाइल बंद करणाऱ्या वाटेवरची नावं दिसत असतील, तर दुखणं इथे आहे. आमचं पहिलं दुखणं हेच होतं.

प्रत्येक प्रोसेसचा एक तक्ता असतो: नंबर ० म्हणजे अमुक फाइल, १ म्हणजे तमुक, ५७ म्हणजे एखादा नेटवर्कचा सॉकेट (कनेक्शनचं टोक). एका प्रोसेसमधले सगळे थ्रेड हा एकच तक्ता वापरतात आणि त्यावर एकच स्पिनलॉक असतो, नाव 'फाइल लॉक'. फाइल उघडताना नवा नंबर घ्यायला ते लॉक लागतं, बंद करताना नंबर परत द्यायला पुन्हा लागतं. म्हणजे एका उघड-बंदला दोन फेऱ्या. आणि हे फक्त फाइलींचं नाही. 'अ‍ॅक्सेप्ट', 'सॉकेट', 'पाइप', 'डुप' हे सगळे त्याच रांगेत.

आता कुणी म्हणेल, नंबर द्यायला इतकी शिस्त कशाला, प्रत्येक कोअरला नंबरांचा वेगळा गठ्ठा वाटून टाका. इथे पॉझिक्सचा, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमांच्या प्रमाणाचा, नियम आडवा येतो. नवीन फाइलला मोकळ्या नंबरांपैकी सगळ्यात लहान नंबरच द्यायचा, असं प्रमाण सांगतं. सिद्धिविनायकाला मंगळवारी चपलांच्या स्टँडवर माणूस टोकन देतो तसं समजा. फक्त अट अशी, की मोकळ्या टोकनांतलं सगळ्यात लहान टोकनच द्यायचं. मग स्टँडवर दहा पोरं ठेवली तरी "आत्ता सगळ्यात लहान मोकळं कुठलं?" हे एका वेळी एकालाच ठरवता येणार. नियमाला जुना इतिहास आहे. युनिक्सचे सुरुवातीचे शेल ० नंबर बंद करायचे आणि लगेच दुसरी फाइल उघडायचे, म्हणजे ती बरोब्बर ० वर येऊन बसायची. इनपुट वळवायची युक्ती तीच. हव्या त्या नंबरावर फाइल बसवणारा 'डुप २' कॉल आल्यावर त्या युक्तीची गरज संपली, नियम तसाच राहिला. २०१३ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी नेमकं यावरच बोट ठेवलं: इंटरफेसच जर क्रम मागत असेल, तर खालचा कोड कितीही हुशारीने लिहा, दोन कोअरना एकमेकांची वाट बघावीच लागते.

कर्नलवाल्यांनी आपल्या परीने हे लॉक पुष्कळ हलकं केलं आहे. मोकळा नंबर शोधायला दोन मजली बिटमॅप आहे. वरच्या मजल्यावरचा एक बिट खालच्या ६४ नंबरांचा गठ्ठा भरलाय की नाही ते सांगतो. उघडलेली फाइल तक्त्यात बसवायला तर आता लॉक लागतच नाही. कर्नल ४.२ पासून स्पिनलॉकच्या रांगेतला प्रत्येक सीपीयू आपापल्या जागी थांबतो, सगळे मेमरीच्या एकाच तुकड्यावर (कॅशलाइनवर) तुटून पडत नाहीत. पण रांग ती रांग. तिच्या टोकाला खिडकी एकच.

आमच्या सेवेचा गुन्हा साधा होता. प्रत्येक पावतीसाठी ती टेम्प्लेट उघडायची, दोन फॉन्ट उघडायची, लोगो उघडायची आणि तात्पुरती फाइल बनवायची. एका पावतीला पाच फाइली, म्हणजे लॉकच्या दहा फेऱ्या. त्यातल्या चार फाइली दिवसभर बदलत नाहीत, तरी आम्ही त्या दर वेळी नव्याने उघडत होतो. ज्याने लिहिलं त्याला दोष देत नाही. ४ कोअरच्या मशीनवर हे कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

उपाय तीन, सोप्याकडून अवघडाकडे.

एक, उघडूच नका. टेम्प्लेट, फॉन्ट आणि लोगो सुरुवातीलाच मेमरीत घेतले. पाचातल्या चार फाइली गेल्या. निम्म्याहून जास्त दुखणं इथेच संपलं.

दोन, तक्ता वाटून टाका. एक प्रोसेस आणि ६४ थ्रेड याऐवजी आठ प्रोसेस, प्रत्येकात आठ थ्रेड. प्रोसेस वेगळा म्हणजे तक्ता वेगळा आणि लॉकही वेगळं. सगळ्यांना एकाच पोर्टवर ऐकायचं असेल तर 'एसओ रीयूजपोर्ट' आहे, कर्नल ३.९ पासून, म्हणजे २०१३ पासून. एक खोच लक्षात ठेवा: कनेक्शन कुठल्या प्रोसेसकडे जाणार ते हॅशवर, म्हणजे त्याच्या पत्त्यावरून काढलेल्या आकड्यावर, ठरतं. कनेक्शन थोडी आणि दीर्घकाळ टिकणारी असतील, तर एका प्रोसेसवर गर्दी आणि दुसरा माश्या मारत बसलाय, असं होतं.

तीन, थ्रेड तसेच ठेवून प्रत्येक थ्रेडला 'अनशेअर' कॉलने स्वतःचा तक्ता द्या. हे आम्ही आधी केलं होतं, कारण कोड सगळ्यात कमी बदलावा लागत होता, आणि त्याची शिक्षाही भोगली. तक्ता वेगळा झाला की एका थ्रेडचा १७ नंबर आणि दुसऱ्याचा १७ नंबर यांचा काही संबंध उरत नाही. आमचा लॉगचा थ्रेड वेगळा होता आणि बाकीचे त्याला फाइलचा नंबर नुसता आकडा म्हणून पाठवायचे. परिणामी एका पावतीच्या फाइलमध्ये लॉगच्या ओळी उतरल्या. शिवाय वेगळं होताना जे सॉकेट उघडे होते त्यांची प्रत प्रत्येक तक्त्यात गेली. एका थ्रेडने सॉकेट बंद केला तरी बाकीच्यांकडे तो उघडाच, त्यामुळे समोरचा ग्राहक कनेक्शन कधी तुटतंय याची वाट बघत ताटकळला. आपल्या प्रोग्रामातली प्रत्येक लायब्ररी ओळ न् ओळ माहीत असेल तरच या वाटेला जा.

चौथाही मार्ग आहे, 'आयओ यूरिंग'चे थेट डिस्क्रिप्टर, म्हणजे फाइल नंबर. 'आयओ यूरिंग' ही रिंग नावाच्या रांगेतून कर्नलला कामं द्यायची पद्धत. कर्नल ५.१५ पासून उघडलेली फाइल नेहमीच्या तक्त्यात न टाकता रिंगच्या स्वतःच्या तक्त्यात ठेवता येते, तिथे लहानात लहान नंबराची सक्ती नाही. नव्याने लिहिणार असाल तर विचार करा. जुन्या कोडसाठी हा फार मोठा घास आहे.

दुसरं ठिकाण: तक्ता मोठा होताना

याची खूण वेगळी. सीपीयू तापत नाही. उलट सगळे थ्रेड काही मिलिसेकंद एकदम गप्प होतात आणि परत चालू लागतात. सेवा रिस्टार्ट केल्यावर पहिल्या लोंढ्यात हे झटके येतात, नंतर दिवसभर नाही. त्यामुळे "रिस्टार्ट केलं की आधी थोडं बिघडतं" अशी ऑफिसात एक श्रद्धा तयार होते. आमच्याकडे झाली होती.

६४ बिटच्या मशीनवर प्रोसेस सुरू होतो तेव्हा तक्त्यात ६४ जागा असतात. भरल्या की १२८, मग २५६, ५१२ असा तो दुप्पट होत जातो. नवा तक्ता तयार करून जुन्यातलं त्यात उतरवायचं. पण त्याच क्षणी इतर थ्रेड जुन्या तक्त्यात लॉक न घेता बघत असू शकतात, कारण आरसीयू या कर्नलच्या पद्धतीत वाचणाऱ्यांना लॉक लागत नाही, जुनी प्रत सगळ्यांचं वाचून होईपर्यंत ठेवली जाते. म्हणून तक्ता एकापेक्षा जास्त थ्रेडांत वाटलेला असेल तर कर्नल 'सिंक्रोनाइझ आरसीयू' करतो, म्हणजे सगळे सीपीयू एकदा आपापल्या कामातून मोकळे होईपर्यंत थांबतो. तोवर नवीन नंबर मागणारे इतरही थांबतात. गजबजलेल्या मशीनवर हा थांबा चांगलाच जाणवतो.

पडताळायचं असेल तर 'प्रॉक'खाली तुमच्या प्रोसेसच्या फोल्डरमध्ये 'स्टेटस' नावाची फाइल आहे, त्यातली 'एफडीसाइझ' ही ओळ झटक्याच्या आधी आणि नंतर बघा. आकडा दुप्पट झालेला दिसला की चोर पकडला.

उपाय दोन ओळींचा, आणि या सगळ्या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता. 'मेन'मध्ये एकही थ्रेड सुरू करायच्या आधी 'एफकंट्रोल'ने एखादी उघडी फाइल १६,३८३ किंवा त्याहून वरच्या नंबरावर डुप करायची, म्हणजे तिला तो दुसरा नंबरही द्यायचा, आणि तो लगेच बंद करायचा. तक्ता एकदम १६,३८४ जागांचा होतो. त्या वेळी थ्रेड एकच असल्यामुळे आरसीयूसाठी थांबावं लागत नाही, आणि एकदा वाढलेला तक्ता प्रोसेस संपेपर्यंत लहान होत नाही. खर्च? एका जागेला ८ बाइट, म्हणजे १२८ केबी आणि वर थोडे बिटमॅप. दोन अटी: उघड्या फाइलींची मर्यादा, म्हणजे 'यूलिमिट', त्या नंबराच्या वर हवी. आणि प्रोसेस 'फोर्क' करत, म्हणजे त्याची प्रत काढून नवा प्रोसेस बनवत असाल तर हे प्रत्येक पोराने फोर्कनंतर स्वतः करायचं. फोर्कमध्ये तक्त्याचा फक्त वापरातला भाग उतरतो, ऐसपैस रिकामी जागा वारसाहक्काने मिळत नाही. हे आम्हाला आठ प्रोसेसवर गेल्यावर कळलं, जेव्हा गेलेले झटके परत आले.

'यूलिमिट'चा विषय निघालाच आहे म्हणून जाता जाता: मर्यादा हवी म्हणून ती अमर्याद करून ठेवू नका. काही कंटेनरांत ती १,०७,३७,४१,८१६ इतकी असते. जुन्या वळणाचे प्रोग्राम दुसरा प्रोग्राम सुरू करायच्या आधी ३ पासून त्या मर्यादेपर्यंत प्रत्येक नंबर बंद करत सुटतात. १०७ कोटी वेळा 'क्लोज'. हे लॉकचं भांडण नव्हे, पण 'टॉप'मध्ये चेहरा तोच. कर्नल ५.९ मध्ये आलेला 'क्लोज रेंज' कॉल हेच काम एका फटक्यात करतो.

महिन्याभराने परत

आठ प्रोसेस झाले, फाइली मेमरीत गेल्या, तक्ता आधीच मोठा केला. ९:१५ ला मी चहा घेऊन खिडकीत उभा राहू लागलो. महिनाभर बरं गेलं आणि एका सोमवारी तेच: सिस्टिम टाइम वर, डिस्क निवांत, 'पर्फ टॉप'मध्ये स्पिनलॉकचा तोच स्लोपाथ. माझं पहिलं अनुमान साफ चुकलं. मी आठाचे सोळा प्रोसेस केले. काडीचाही फरक नाही.

फरक पडला नाही, हाच पुरावा होता. प्रोसेस वेगळे करूनही भांडण मिटत नसेल, तर ती वस्तू प्रोसेसच्या मालकीची नाही. ती सगळ्या मशीनची आहे. कॉल ग्राफ काढला तर या वेळी नावं वेगळी निघाली: 'लॉकरेफ'ने सुरू होणारी, 'डीपुट', 'ट्राय टू अनलेझी'. म्हणजे तिसरं ठिकाण, डेंट्री.

कर्नल फाइलचा पत्ता शोधतो तेव्हा वाटेतल्या प्रत्येक फोल्डरच्या आणि शेवटच्या फाइलच्या नावाची एक नोंद मेमरीत असते, तिला डेंट्री म्हणतात. २०११ च्या कर्नल २.६.३८ पासून वाटेतले फोल्डर ओलांडताना बहुधा काहीच लिहावं लागत नाही. वाटचाल आरसीयूखाली होते. पण शेवटच्या नोंदीला "मी ही धरलीय" म्हणून मोजणीत एक वाढवावाच लागतो आणि काम झाल्यावर एक कमी करावा लागतो. २०१३ च्या ३.१२ मध्ये यासाठी 'लॉकरेफ' आलं. लॉक आणि मोजणी एकाच ६४ बिटच्या शब्दात ठेवायची, म्हणजे लॉक न घेता एका अणुक्रियेत मोजणी बदलता येते. फार सुंदर काम आहे. पण ६४ कोअर एकाच फाइलचा पत्ता एकसारखे विचारत राहिले, तर तो एक शब्द या चिपच्या कॅशमधून त्या चिपच्या कॅशमध्ये चेंडूसारखा टोलवला जातो. प्रयत्न फसत राहिले की गाडी शेवटी खऱ्या स्पिनलॉकवर येते.

आमच्याकडे ही एक फाइल कुठली? कॉन्फिगची. महिन्यापूर्वीच कुणीतरी सोय म्हणून घातलं होतं: कॉन्फिग बदलली की सेवा रिस्टार्ट न करता ती उचलली जावी. त्यासाठी दर मागणीला त्या फाइलवर 'स्टॅट'. फाइल उघडतही नव्हतो, नुसती तारीख विचारत होतो. एवढं पुरलं.

उपाय: तपासायचं काम एका थ्रेडकडे द्या, सेकंदाला एकदा. किंवा बदल झाला की कर्नलच कळवतो ती 'आयनोटिफाय' सोय लावा. फाइल उघडी ठेवून 'एफस्टॅट' करायची कल्पनाही सुचते, पण बहुतेक एडिटर नवी फाइल बनवून जुन्या नावावर आणतात. तुमच्या हातात जुनीच राहते, आणि बदल कधीच दिसत नाही.

याच जातीचा एक लपलेला भाऊ आहे. 'टीझेड' हे टाइमझोन सांगणारं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवलेलं नसेल, तर ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीचा 'लोकलटाइम' दर हाकेला 'ईटीसी'मधल्या लोकलटाइम फाइलवर 'स्टॅट' करतो. लॉगच्या प्रत्येक ओळीवर वेळ छापत असाल तर हिशोब तुम्हीच करा. त्यात ग्लिबसीचं स्वतःचंही लॉक असल्यामुळे तिथे कर्नलच्या स्पिनलॉकऐवजी फ्यूटेक्सची (प्रोग्राममधल्या लॉकसाठी झोपून थांबायच्या सोयीची) नावं दिसतात. 'टीझेड' म्हणून 'आशिया/कोलकाता' ठरवून द्या, विषय संपतो.

चौथं: वाचायची जागा

हे आमच्याकडे नव्हतं, शेजारच्या टीमकडे होतं, म्हणून थोडक्यात. सगळे थ्रेड एकच उघडी फाइल 'सीक' आणि 'रीड' करून वाचत होते. लोकलमध्ये एक पेपर चौघं वाचतात तसं. पान उलटायचं तर बाकीच्यांना थांबावं लागतं. 'कुठपर्यंत वाचलं' ही जागा उघड्या फाइलसोबत राहते, थ्रेडसोबत नाही, आणि ती सांभाळायला एक म्युटेक्स, म्हणजे थांबणाऱ्याला झोपवणारं लॉक, असतो. स्टॅकमध्ये 'एफडीगेट पॉस' आणि त्याखाली म्युटेक्स दिसला की हेच. 'पीरीड' वापरा: जागा तुम्ही सांगता, म्युटेक्स लागत नाही. शिवाय 'सीक' आणि 'रीड' यांच्यामध्ये दुसरा थ्रेड घुसून चुकीचं वाचायला लावायची शक्यताही जाते. म्हणजे त्यांचा कोड हळू तर होताच, चुकीचाही होता.

पाचवं: ३:३० चं दुखणं

आता ती वेगळी चाल. दुपारी सीपीयू तापत नव्हता. थ्रेड झोपलेले असायचे, आणि पर्फमध्ये स्पिनलॉकऐवजी 'आरडब्ल्यूसेम'ची, म्हणजे वाचणाऱ्यांना एकत्र पण लिहिणाऱ्याला एकट्यालाच आत सोडणाऱ्या लॉकची, नावं. बाजार बंद झाला की दिवसभराचे हिशोब हजारोंनी एकाच फोल्डरमध्ये लिहिले जातात, आणि फोल्डरमध्ये नवीन नाव घालायचं तर त्या फोल्डरचं लॉक एकट्याने घ्यावं लागतं. २०१६ च्या ४.७ पासून नुसतं नाव शोधणं समांतर चालतं, पण बनवणं, पुसणं आणि नाव बदलणं अजूनही एकेकट्याने. आणखी एक: 'नसेल तर बनव' हा झेंडा लावून फाइल उघडलीत तर ती आधीपासून असली तरी फोल्डरचं लॉक घेतलं जायचं. ६.१२ मध्ये, म्हणजे २०२४ च्या अखेरीला, कर्नल आधी डोकावून बघू लागला. जुन्या कर्नलवर असाल तर आधी झेंड्याशिवाय उघडून बघा, नाही सापडली तरच झेंडा लावा.

मी २५६ उपफोल्डर केले आणि नावाच्या हॅशवरून फाइली वाटल्या. जरा बरं झालं, पण पोट भरलं नाही. दोन दिवस मी कॉल ग्राफकडे बघत बसलो. शेवटी त्याच नव्या मुलीने विचारलं, "सर, तात्पुरती फाइल आपण कुठे बनवतो?"

तात्पुरती फाइल आम्ही 'टेम्प' नावाच्या एका वेगळ्या फोल्डरमध्ये बनवायचो आणि पूर्ण झाली की 'रीनेम'ने अंतिम जागी हलवायचो. पद्धत बरोबर, अर्धवट फाइल कुणाच्या हाती लागत नाही. पण दोन्ही नावं एकाच फोल्डरमध्ये असतील तर रीनेमला फक्त त्या फोल्डरचं लॉक लागतं. फोल्डर वेगळे असले की त्याआधी अख्ख्या फाइलसिस्टिमचा एक म्युटेक्स घ्यावा लागतो. २५६ उपफोल्डर केले तरी प्रत्येक रीनेम 'टेम्प'मधून निघत होतं, म्हणजे सगळे परत एकाच जिन्यावर. वर 'टेम्प'चं स्वतःचं लॉक होतंच.

तिने एक ओळ बदलली: तात्पुरती फाइल ज्या उपफोल्डरमध्ये अखेर जाणार, तिथेच बनवायची, नावापुढे टिंब लावून. त्या दिवशी ३:३० ला आम्ही दोघं स्क्रीनसमोर उभे होतो. ३:४० ला ती म्हणाली, "सर, झालं की सगळं लिहून," आणि बॅग उचलून चकाल्याच्या दिशेने निघाली.